खुनाच्या बातमीमागील माणूस

सकाळीं चहाबरोबर खुनाची बातमी वाचावयाची, 'काय हा काळ!' म्हणावयाचें आणि पान उलटावयाचें, हा घरोघरचा परिपाठ आहे. आमच्याही घरीं तो आहे, हें आधींच कबूल करतों. ती बातमी लिहिणारास मात्र पान उलटतां येत नाहीं. ज्या माउलीचा मुलगा गेला, तिच्याच दारांत उभें राहून त्यास मुलाची तसबीर मागावी लागते.

ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं 'द एज' या दैनिकांत एका बाईंनीं सुमारें दहा वर्षें हें काम केलें. ३२ खुनांचीं वृत्तें त्यांनीं दिलीं. मन पार खचल्याची तक्रार केल्यावर त्यांस क्रीडाविभागांत धाडण्यांत आलें. येथवर ठीक झालें. परंतु पुढें वरिष्ठांनीं गळ घातली आणि बाई व्हिक्टोरिया प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाच्या वार्ताहर झाल्या. तेथें प्रेत नाहीं, रक्त नाहीं. नुसत्या साक्षी ऐकावयाच्या! पण त्या साक्षी कसल्या? जन्मदात्या बापानें चार वर्षांच्या लेकीस पुलावरून खालीं टाकलें, तो खटला त्यांच्याच वांट्यास आला. अखेर बाईंनीं पत्रावर फिर्याद केली. २०१९ सालीं न्यायालयानें त्यांचें नांव गुप्त ठेवून १,८०,००० डॉलर भरपाई देवविली. त्यांच्या मनास झालेली इजा ही कामावर झालेली इजा होय, आणि तिची काळजी वाहणें हें मालकाचें कर्तव्य होतें, असा त्या निकालाचा आशय.

केवळ ऐकून का कोणी आजारी पडतें, अशी शंका वाचकांस येईल. अमेरिकन मानसवैद्यांच्या संघटनेनें २०१३ च्या आपल्या निदानग्रंथांत, कामानिमित्त भीषण तपशील वारंवार समोर येणें हेंही अशा आघाताचें एक कारण मानलें आहे. घरीं बसून हौसेनें पडदा पाहणारांस मात्र तें कलम लागू नाहीं!

आपल्याही घरांतून असे वार्ताहर आहेत. तो रात्रीं उशिरां येतो, जेवतांना बोलत नाहीं, मुलांवर उगीच खेंकसतो. आणि मंडळी म्हणतात, 'हल्लीं याला शिष्टपणा आलाय.' मग कोणी काका ताटावरूनच विचारतात, 'काय रे, त्या खुनाचें खरें काय?' काकांस जें ऐकावयाचें असतें, तेंच तो दिवसभर विसरूं पाहत असतो. तपशील राहूं द्यावा. 'आज फार त्रास झाला का रे?' इतकें विचारावें, आणि तो गप्प राहिला तर भात वाढावा.