सीलरच्या आधी स्लॅबला पाणी. घाई केली तर पैसा वाया

कामरगाव (ता. कारंजा) : उन्हाळ्यात स्लॅब टाकायचा अन् मृग लागायच्या आत वरून पारदर्शक सीलर मारायचा, असा सल्ला हल्ली सहज मिळतो. डबा आणला, ब्रश फिरवला, झालं काम! पण स्लॅब गळण्याचं कारण अनेकदा आधीच घडलेलं असतं. ते म्हणजे कमी पडलेलं पाणी.

कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवावं, असं आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं. विहिरी आटल्या म्हणून चार दिवसांत पाणी बंद केलं, की बारीक तडे जाऊ शकतात. सीलर तडे बुजवत नाही. तो पृष्ठभागातून मुरणारं पाणी अडवतो.

त्यातही घाई नडते. आत ओल असताना थर चढवला तर तो पांढरा पडतो, पोपडे सुटतात. म्हणून साधारण २८ दिवस थांबावं. मग प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. खाली ओल दिसली, तर अजून थांबा. अंगणात चकाकणारा थर पावसात निसरडा होतो. तिथे आत मुरणारा सीलर बरा.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. एवढ्या पैशात आधी पाणी, गोणपाट आणि स्लॅबचा उतार बघावा, डबा शेवटी.