गुळाचा रंग आणि खवय्याची जीभ

खाण्याची आवड असलेला मनुष्य प्रवासाला निघाला, की त्याचा नकाशा इतरांहून निराळा होतो. देवळे, गड आणि धरणे त्यातून वजा होत नाहीत. परंतु त्यांच्या आधी भाकरी कुठे गरम मिळेल आणि आमटी कुठे मनापासून केलेली असेल, याच्या खुणा उमटतात. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून पारगाव, केडगाव, चौफुला आणि पुढे पाटसवरून दौंड, हा रस्ता अशा नकाशावर ठळक काढावा असा आहे. घोडनदीच्या काठच्या शिरूरची ओळख एकेकाळी बाजरीची, भीमेच्या काठची ओळख आज उसाची. एका तासाच्या प्रवासात बाजरीची भाकरी मागे पडून हवेत उकळत्या रसाचा गोड वास येऊ लागतो. भूगोलाच्या पुस्तकातील सिंचनाचा धडा नाकाने वाचता येतो तो असा.

या रस्त्यावर अलीकडे उपाहारगृहांची गर्दी झाली आहे. अशाच एका ठिकाणी आम्ही जेवावयास थांबलो होतो. भिंतीवर बैलगाडीचे चाक टांगलेले, कोपऱ्यात जाते, छतास कंदील, पाण्याला तांब्याचे भांडे. पाहुण्याला आपण खेड्यात आलो असे वाटावे, अशी सारी योजना. जेवणानंतर आलेला गुळाचा खडा मात्र लिंबाच्या सालीसारखा पिवळाधमक होता. जिभेवर ठेवताच गोडी आली. उसाचा वास आला नाही. ज्या गुऱ्हाळाच्या नावाने ही सारी सजावट उभी होती, ते खरे गुऱ्हाळ तिथून हाकेच्या अंतरावर धूर सोडत होते, आणि तिकडे पाहण्याची कोणा गिऱ्हाइकास गरज वाटत नव्हती.

आम्ही तिकडे गेलो. उसाचा रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडे जळतात, म्हणजे उसाच्याच अंगाने ऊस शिजतो. रस तापू लागला की मळी वर येते. ती धरण्यासाठी पूर्वापार रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालीत आले आहेत. साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या सुमारास काकवी होते, ११८ अंशांच्या आसपास गूळ. परंतु जुना गुळव्या तापमापकाकडे पाहत नाही. तो पाक थंड पाण्यात सोडून बोटांत त्याची गोळी वळतो आणि काहील उतरविण्याचा क्षण ठरवितो. शंभर किलो उसातून दहा-बारा किलोच गूळ हाती लागतो. खवय्याने पाहण्यासारखी कलाकुसर ती हीच. टांगलेल्या चाकात ती नाही.

मग पिवळा रंग येतो कुठून? नीट काढलेला गूळ सोनेरी ते तपकिरी असतो; उसाची जात, जमीन आणि पाणी यांप्रमाणे त्याची छटा बदलते. तो हमखास फिकट पिवळा व्हावा म्हणून रसात सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे गुऱ्हाळांच्या बोलीत ‘हायड्रॉस’, टाकले जाते. गुळातील सल्फर डायऑक्साइडला दशलक्ष भागांत ७० भागांची कायदेशीर मर्यादा आहे; परंतु काहिलीपाशी हात सैल सुटला, तर ती कोण मोजणार? दुसरी युक्ती याहून सोपी. हलक्या प्रतीची साखर स्वस्त असेल तेव्हा ती रसात मिसळावयाची. रंग उजळतो, कण चांगला येतो, वजन वाढते. दौंड तालुक्यात अशा भेसळीविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या कारवायांची वृत्ते वाचकांच्या नजरेखालून अनेकदा गेली असतील.

येथे गुऱ्हाळवाल्याला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः तो बाजाराचे ऐकतो आणि बाजार आपले ऐकतो. दुकानात दोन ढेपा शेजारी ठेवल्या, तर आपण पिवळीवर बोट ठेवतो आणि काळसर ढेपेला ‘जुनी आहे का?’ असे विचारतो. व्यापारी हे जाणतो, म्हणून सौद्यात उजळ ढेपेला भाव अधिक देतो. आणि ज्याने भेंडीचा रस घालून प्रामाणिकपणे गूळ काढला, त्याचीच ढेप खाली राहते. म्हणजे प्रामाणिकपणाचा दंड आपण गिऱ्हाइकेच वसूल करतो. भेसळीचे मूळ काहिलीत नाही, ते आपल्या डोळ्यांत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

डोळ्यांची ही सवय अटळ नाही. जपानमधील ओकिनावाच्या आठ बेटांवर उसाच्या रसापासून ‘कोकुतो’ बनवितात. या नावाचा अर्थच काळी साखर, आणि तिथे तो काळेपणा मिरवून विकला जातो. इकडे कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. या गावांजवळ, याच सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचन येथे १९४६ साली महात्मा गांधींनी निसर्गोपचाराचे काम सुरू केले. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामात गुळाला मानाचे स्थान होते. वारसा दारात आहे, उणीव आहे ती ओळख पटविणाऱ्या चिठ्ठीची.

काही जण म्हणतील, गूळ कसाही असो, तो साखरेपेक्षा बरा. हा समज तपासून घ्यावा. गुळातही बहुतांश साखरच असते. मधुमेह्याला त्याने सूट मिळत नाही. गुळाची खरी थोरवी त्याच्या वासात, चवीत आणि त्यात उरलेल्या लोहादी क्षारांच्या अल्पशा अंशात आहे. आणि रंगासाठी आपण नेमका त्या वासाचा आणि चवीचाच बळी देतो.

उपाय फार खर्चाचे नाहीत. ढेपेवर गुऱ्हाळाचे गाव, काढल्याची तारीख आणि मळी काढण्यासाठी काय वापरले हे छापावे. तपासणी सणासुदीपुरती न राहता हंगामभर व्हावी आणि तिचे निष्कर्ष गावाच्या चावडीवर लागावेत. रस्त्याकडेच्या उपाहारगृहांनी चाके टांगण्याऐवजी जवळच्या एका गुऱ्हाळाशी संबंध जोडून त्याचे नाव पाटीवर लिहावे. त्या सजावटीला तरी काही अर्थ येईल. शाळांच्या सहली रांजणगावच्या गणपतीला येतात, तशा तासभर काहिलीपाशीही थांबाव्यात. ज्या मुलाने पाण्यातली ती गोळी एकदा बोटांत वळून पाहिली, तो पुढे रंगाने सहसा फसणार नाही.

आम्ही निघताना गुळव्याने ओंजळीएवढी गरम ढेप कागदावर दिली. ती काळसर होती. ‘साहेब, ही बाजारात चालत नाही,’ असे तो जरा ओशाळून म्हणाला. वास्तविक ओशाळावयास हवे होते ते आम्ही. संक्रांतीला आपण एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवतो आणि गोड बोलण्याचे वचन मागतो. त्या गुळाने तरी खरे बोलावे, एवढी अपेक्षा गिऱ्हाइकाने आधी स्वतःकडून करावी आणि पुढच्या वेळी दुकानात काळसर ढेपेवर बोट ठेवावे.