बेपत्ता बायकोच्या नावावर काय होते?

घरगुती थरारकथेत बळी, संशयित आणि साक्षीदार एकाच छपराखाली राहतात. पोलीस येतात, चहा घेतात, प्रश्न विचारतात आणि जातात. खरा तपास घरातलेच कोणीतरी करते, बहुधा नवऱ्याच्या कोटातली पावती हाती घेऊन किंवा कुलूपबंद खण उचकटून. इंग्रजीतली या कादंबऱ्यांची सध्याची लाट गिलियन फ्लिन यांच्या ‘गॉन गर्ल’ने २०१२ साली उसळली आणि प्रकाशकांनी ती नवलाई म्हणून विकली. प्रकार मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे. एवढ्या काळात बायको नाहीशी का होते, याचे उत्तर वारंवार बदलले. ते शोधायचे तर रक्ताच्या डागांपेक्षा घराची कागदपत्रे तपासलेली बरी.

विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ १८५९ च्या नोव्हेंबरपासून चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. लॉरा फेअरली ही वीस हजार पौंडांची वारसदार आणि सर पर्सिव्हल ग्लाइड हा तिचा कर्जात बुडालेला नवरा. लग्नाचा करार असा, की मूल नसताना लॉरा मेली तर ती रक्कम नवऱ्याला मिळावी. कुटुंबाचा वकील जीव तोडून विरोध करतो, पण लॉराच्या चुलत्याला कटकट नको असते म्हणून तो मान डोलावतो. गुन्हा खरा तिथेच घडतो, पहिल्या काही प्रकरणांत, सगळ्यांच्या देखत. पुढचे सारे त्या सहीचे परिणाम. लॉरासारखीच दिसणारी अॅन कॅथरिक मरते, तिला लॉराच्या नावाने पुरले जाते आणि जिवंत लॉराला अॅन ठरवून वेड्यांच्या इस्पितळात टाकले जाते.

वाचकांना हे अशक्य वाटले नाही, कारण त्या काळच्या इंग्लंडमध्ये विवाहितेची जंगम मालमत्ता आणि कमाई नवऱ्याची होत असे. तिच्या नावावर काही राहू देणारे कायदे १८७० आणि १८८२ साली आले. १८५७ च्या कायद्याने घटस्फोटासाठी दिवाणी न्यायालय निघाले खरे, पण तिथेही तराजू झुकलेलाच होता. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग यांसारखा आणखी एखादा दोष दाखवावा लागे. कादंबरी सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी कादंबरीकार आणि मंत्री एडवर्ड बुल्वर-लिटन यांनी आपल्या पत्नीला, रोझिनाला, वेडी ठरवून डांबले होते. त्यांच्या निवडणूक सभेत येऊन तिने त्यांचे वाभाडे काढले होते. वृत्तपत्रांनी गिल्ला केला आणि काही आठवड्यांतच तिला सोडावे लागले.

या कादंबरीची मांडणीही पुढच्यांनी उचलली. कथा एकजण सांगत नाही. न्यायालयात साक्षीदार उभे राहावेत तसे एकेक पात्र आपापल्या माहितीपुरते बोलते. त्यात लॉराच्या सावत्र बहिणीची, मॅरियनची, रोजनिशी आहे. मॅरियन तापाने पडते, रोजनिशी मध्येच तुटते आणि पान उलटल्यावर खलनायक काउंट फॉस्कोचे अक्षर समोर येते. त्याने सगळे वाचलेले असते आणि लिहिणारीच्या बुद्धीचे कौतुकही तिथेच नोंदवलेले असते. बाईच्या खासगी लिखाणात पुरुषाने घुसण्याचा इतका अंगावर येणारा प्रसंग या प्रकारात पुन्हा क्वचितच लिहिला गेला.

मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांनी १८६२ मध्ये ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’मध्ये बाजू पालटली. इथे बायको स्वतःच नाहीशी होते. नवरा सोने शोधायला ऑस्ट्रेलियाला निघून गेलेला, हाती पैसा नाही, पदरी मूल. ती नाव बदलते, एका श्रीमंत सरदाराशी लग्न लावते आणि दुसऱ्याच बाईच्या थडग्यावर आपले जुने नाव कोरून घेते. पहिला नवरा परत येतो तेव्हा त्याला विहिरीत ढकलते. ब्रॅडन यांना तिची बाजू कळते, पण तिला मोकळे सोडण्याइतके धाडस त्या काळी नव्हते. शेवटी तिची रवानगी बेल्जियममधल्या वेड्यांच्या इस्पितळात होते. लॉराला जिथून सोडवायचे, तिथेच लेडी ऑडलीला कोंडायचे. वाचकवर्ग तोच आणि दोन्ही शेवट त्याने आनंदाने स्वीकारले.

यानंतरची सर्वांत गाजलेली बेपत्ता बायको कादंबरीतली नाही. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री अगाथा ख्रिस्ती घरातून निघून गेल्या. त्यांची मोटार सरे परगण्यातल्या न्यूलँड्स कॉर्नरजवळ सोडून दिलेली सापडली. पोलीस आणि स्वयंसेवकांनी रान पिंजून काढले. आर्थर कॉनन डॉयल यांनी ख्रिस्तींचा एक हातमोजा आत्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमाकडे नेला. शेरलॉक होम्सच्या जनकाने हा मार्ग धरावा हे विशेषच. वर्तमानपत्रांचा संशय नवऱ्यावर होता. अकरा दिवसांनी त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. तिथल्या नोंदवहीत त्यांनी आडनाव लिहिले होते ‘नील’, म्हणजे नवऱ्याच्या प्रेयसीचे. १९२८ मध्ये घटस्फोट झाला. ख्रिस्तींनी आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांबद्दल अवाक्षरही काढले नाही. निवेदकावरच विश्वास ठेवता येत नाही अशी त्यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ ही कादंबरी १९२६ मध्येच प्रसिद्ध झाली होती.

१९३८ साली दोन कलाकृती आल्या आणि दोन्हींत नवऱ्याचे गुपित घरातच दडलेले होते. पॅट्रिक हॅमिल्टनच्या ‘गॅस लाइट’ या नाटकात नवरा बायकोला तिच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावतो, कारण त्याला वरच्या मजल्यावर दडलेली रत्ने निवांत शोधायची असतात. डॅफ्ने द्यू मॉरिए यांची ‘रेबेका’ अधिक अवघड जागी हात घालते. मॅक्झिम डी विंटरची पहिली बायको रेबेका समुद्रात बुडाली असे सगळे समजतात. नवऱ्याने तिला गोळी घातलेली असते. तिने त्याला डिवचलेले असते ते वारसावरून: पोटात दुसऱ्याचे मूल आहे आणि उद्या मँडर्लीची इस्टेट त्याचीच होणार, असे सांगून. हे कळल्यावर दुसऱ्या बायकोला धक्का बसत नाही. नवऱ्याचे रेबेकावर प्रेम नव्हते, या आनंदात ती खून पोटात घालते आणि तिच्यासोबत वाचकही. हिचकॉकच्या १९४० च्या चित्रपटात मृत्यू अपघाती करावा लागला, कारण बायकोचा खून करून नवरा सुटतो असे दाखवणे हॉलिवूडच्या तत्कालीन नियमावलीत बसत नव्हते. कादंबरीतला विषारी भाग त्यामुळे गळला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि इंग्लंडमध्ये लेखिकांची एक फळीच उभी राहिली. मार्गारेट मिलर, शार्लट आर्मस्ट्राँग, सीलिया फ्रेमलिन. फ्रेमलिन यांच्या ‘द अवर्स बिफोर डॉन’मध्ये (१९५८) रात्रभर रडणाऱ्या बाळामुळे झोपेला मुकलेली आई नव्या भाडेकरू बाईवर संशय घेते आणि ती थकलेली असल्यामुळेच कोणी तिचे ऐकत नाही. या पुस्तकाला अमेरिकेतले एडगर पारितोषिक मिळाले. तरी ही पिढी विस्मरणात गेली. २०१३ मध्ये सेरा वाइनमन यांनी त्यांच्या कथांचा संग्रह काढला तेव्हा कुठे फ्लिनच्या वाचकांना आपली वंशावळ कळली.

मराठीतही या लेखिकांच्याच काळात या जातीचे एक उत्तम कथानक तयार झाले, मात्र त्याला कोणी हे नाव दिले नाही. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ काढला. वकिलाची बायको वारते. काही दिवसांनी पोलिसांनी पकडलेली एक बाई हुबेहूब तिच्यासारखी दिसते आणि मी तुमचीच बायको, असे ठणकावून सांगते. नवराबायकोखेरीज कोणालाही ठाऊक नसाव्यात अशा गोष्टी ती भर न्यायालयात बोलून दाखवते. साठ वर्षांनी रहस्य फोडायला हरकत नसावी: मेली ती जुळी बहीण, उभी आहे ती खरी बायको. चित्रपटाला मराठीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ (१९६५) आणि हिंदीत राज खोसलांचा ‘मेरा साया’ (१९६६) याच कथेवर बेतले. ‘रेबेका’वरून केलेला हिंदी ‘कोहरा’सुद्धा १९६४ चाच.

‘पाठलाग’ आणि इंग्रजी परंपरा शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. तिकडे झाकली मूठ नवऱ्याची असते आणि वाद पैशाचा. इकडे गुपित बायकोच्या माहेरचे आहे आणि पणाला लागते ती अब्रू. मालमत्तेचा प्रश्नच येत नाही. तिला स्वतःचे नाव आणि नवऱ्याच्या घरातली जागा परत हवी असते. आणि तिची ओळख पटवायची कोणी, तर नवऱ्यानेच. लॉराला निदान चुलत्याची सही नडली होती. इथे बायकोपणाचा एकमेव दाखला नवऱ्याची आठवण.

‘गॉन गर्ल’मध्ये पुन्हा पैसा येतो, तोही उघड. निक आणि एमी डन हे न्यूयॉर्कमधले नियतकालिकांत लिहिणारे जोडपे. मंदीत दोघांच्या नोकऱ्या जातात. एमीच्या आईवडिलांनी तिला नायिका करून लिहिलेल्या बालपुस्तकांवर पैसा कमावलेला असतो. अडचणीत आल्यावर तेच तिच्या नावची ठेव मागून घेतात. उरलेल्या रकमेतून निक आपल्या गावी, मिसुरीत, बार टाकतो. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी गायब होते. स्वतः फ्लिन ‘एंटरटेन्मेंट वीकली’त टीव्ही समीक्षक होत्या आणि २००८ मध्ये त्यांचीही नोकरी गेली होती, बेकार नवऱ्याबद्दलचे तपशील म्हणूनच इतके अचूक वाटतात. पहिल्या भागात निकचे निवेदन आणि एमीची रोजनिशी आलटून पालटून येतात. मध्यावर कळते की एमी जिवंत आहे आणि रोजनिशी बनावट आहे. पोलिसांनी वाचावी म्हणूनच ती लिहिलेली. फॉस्को बाईची रोजनिशी चोरून वाचत होता. एमीला वाचणारा हवाच आहे आणि त्याला काय वाटावे हेही तिने ठरवून ठेवले आहे. एवढ्या एका फिरवणीत या प्रकाराचा सगळा इतिहास उलटा होतो. खोट्या छळाचे कुभांड रचणारी नायिका उभी केल्याबद्दल फ्लिन यांच्यावर स्त्रीद्वेषाचा आरोप झाला. तो अगदीच पोकळ नाही, पण एमीला चांगली बाई केले असते तर पुस्तक उरले नसते.

नंतरच्यांत ए. एस. ए. हॅरिसन यांची ‘द सायलेंट वाइफ’ (२०१३) सर्वांत कोरडी आणि म्हणून सर्वांत भेदक. जोडी आणि टॉड वीस वर्षे शिकागोत संसार करतात, पण लग्न कधीच केलेले नसते. टॉड दुसरीकडे गुंततो आणि जोडीला वकिलामार्फत घर रिकामे करण्याची नोटीस येते. तिथून खुनापर्यंतची वाट फार लांब नाही. पॉला हॉकिन्स यांच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मध्ये (२०१५) नोकरी गेलेली रेचल रोज लंडनला कामावर जाण्याचे नाटक करत आगगाडीत बसते आणि खिडकीतून आपलेच जुने घर पाहते. त्यात आता माजी नवरा नव्या बायकोसोबत राहतो. दारूमुळे रेचलच्या आठवणीत भोके पडलेली असतात आणि ती त्या नवऱ्यानेच सोयीने भरलेली असतात. हॉकिन्स आधी आर्थिक विषयांवरच्या पत्रकार होत्या आणि स्त्रियांनी पैसा कसा सांभाळावा यावर त्यांनी पुस्तकही लिहिले होते.

त्यापुढच्या पुस्तकांचा ढीग मोठा आहे आणि बहुतांश एका साच्यातला. शीर्षकात ‘गर्ल’ किंवा ‘वाइफ’, मध्यावर कलाटणी, शेवटच्या पानावर आणखी एक. कलाटणी येणार हे माहीत असलेला वाचक पहिल्या पानापासून सगळ्यांवर संशय घेतो आणि लेखकाचे निम्मे काम वाया जाते. या कथांतल्या हिंसेलाच आक्षेप घेत लेखिका ब्रिजेट लॉलेस यांनी २०१८ मध्ये स्टॉन्च पारितोषिक सुरू केले; ज्या थरारकथेत स्त्रीला मारहाण, पाठलाग, बलात्कार किंवा खून होत नाही तिच्यासाठी. काही लेखिकांना हे पटले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभर सुमारे ५१,१०० स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या हातून मारल्या गेल्या. त्याबद्दल लिहू नका असे सांगणारे पारितोषिक वाचकांचे कोणते भले करणार होते, हे कोडेच आहे.

अलीकडच्या पुस्तकांत फ्रीडा मॅकफॅडन यांची ‘द हाउसमेड’ (२०२२) सर्वाधिक खपणाऱ्यांपैकी. भाषा सपाट, पण रचना चोख. विंचेस्टरांच्या बंगल्यात राहून काम करायला आलेली मिली तुरुंगातून सुटलेली आहे. तिला दिलेल्या माळ्यावरच्या खोलीला बाहेरून कुलूप लागते. मालकीण नीना चक्रम वाटते, मालक सज्जन. प्रत्यक्षात मालकानेच नीनाला वेडी ठरवून इस्पितळात धाडलेले असते. पैसा आणि कायदा दोन्ही त्याच्या बाजूने असल्यामुळे तिला घर सोडता येत नाही. म्हणून ती आपल्या जागी दुसरी बाई आणून ठेवते: गरीब, देखणी आणि गुन्ह्याची नोंद असलेली, जिच्यामागे विचारपूस करणारे कोणी नाही. कॉलिन्सच्या कथेत अॅन कॅथरिकला जे स्थान होते ते इथे मोलकरणीला मिळते. मात्र मिली मरत नाही; ती मालकालाच त्या खोलीत कोंडते. अखेरीस नीनाच्या शिफारशीवरून ती दुसऱ्या घरी मुलाखतीला जाते, तर तिथल्या बाईच्याही अंगावर वळ दिसतो. मॅकफॅडन यांनी २०२३ आणि २०२४ मध्ये मिलीचे आणखी दोन भाग लिहिले.