मोटारीत सुचलेले गाणे

यंदा दिवाळीला आमचा पुतण्या आमच्याकडे आला आहे. वय वर्षे १४. त्याचे आईवडील गेल्या वर्षापासून वेगळे राहतात. मुलाची दिवाळी कोणाकडे, हा प्रश्न दोघांनी मिळून असा सोडवला. पोरगा समजूतदार. फराळाला नाही म्हणत नाही, विचारले तेवढ्याचे उत्तर देतो आणि उरलेला वेळ मोबाईलवर गाणी ऐकत बसतो. परवा एकच इंग्रजी गाणे त्याने लागोपाठ तीनदा लावले. शेवटी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, त्या गाण्याला काही शेवट आहे की नाही?"

"आहे तर! पण तो शेवटच चार मिनिटे चालतो," मी म्हणालो.

गाणे होते बीटल्सचे 'हे जूड'. कॉलेजात असताना आम्ही ते कॅसेट झिजेपर्यंत ऐकले होते. भित्र्या प्रियकराला मित्राने दिलेला धीर, असा त्याचा अर्थ आम्ही लावला होता. हकीकत मात्र निराळी आहे.

१९६८ सालच्या आरंभी बीटल्स मंडळी ध्यानधारणा शिकायला आपल्या हृषीकेशला आली होती. जॉन लेनन आणि त्याची पत्नी सिंथिया दोघेही बरोबर होती. परतल्यावर काही आठवड्यांतच तो संसार मोडला. जॉनने योको ओनोची साथ धरली. मागे राहिली सिंथिया आणि पाच वर्षांचा ज्युलियन.

अशा वेळी मित्रांची मोठी पंचाईत होते. जॉनचा दोस्त म्हणून त्याच्या बायकोमुलाकडे फिरकायचे नाही, हाच सोपा मार्ग. पण पॉल मॅकार्टनीने एके दिवशी मोटार काढली आणि लंडनहून वेब्रिजला, त्या मायलेकरांच्या घरी निघाला. पोराला काय सांगावे, याचा विचार करता करता वाटेतच त्याला गाणे सुचले. आरंभी त्यात ज्युलियनचे लाडके नाव 'ज्यूल्स' होते. म्हणायला बरे वाटते म्हणून पुढे त्याचे 'जूड' झाले. वाईट वाटते आहे खरे, पण त्यालाच धरून बसू नकोस, त्यातूनच काही चांगले घडव, मनाची दारे लावून घेऊ नकोस, असा त्याचा आशय. पॉलची स्वतःची आई तो १४ वर्षांचा असतानाच वारली होती. लहान वयात घर रिकामे होणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

गंमत पुढेच आहे. पॉलने गाणे ऐकवले तेव्हा जॉनला वाटले, हे माझ्यासाठीच! नव्या प्रेमाकडे खुशाल जा, असे मित्र सांगतो आहे, असा अर्थ त्याने घेतला. आणि त्याच उन्हाळ्यात खुद्द पॉलचे ठरलेले लग्नही मोडले होते. तेव्हा ते शब्द त्याचे त्यालाही लागू पडत होते. एका पोरासाठी केलेले गाणे दोन थोरांनीही आपल्या अंगाला लावून पाहिले आणि दोघांनाही ते बसले!

ऑगस्ट १९६८ मध्ये तबकडी निघाली. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी वाजत त्या काळात हे सात मिनिटांचे! ध्वनिमुद्रणाला बोलावलेल्या वाद्यवृंदालाही शेवटी टाळ्या वाजवून गायला लावले होते. अमेरिकेत ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

सगळे जग गाऊ लागले. पण ज्याच्यासाठी ते केले, त्याचे काय? ज्युलियनला या गाण्याची सगळी हकीकत पॉलच्या तोंडून ऐकायला मिळाली ती १९८७ साली, न्यूयॉर्कमध्ये. तोवर तो २४ वर्षांचा झाला होता आणि जॉनची हत्या होऊन सात वर्षे लोटली होती. लहानपणी वडिलांपेक्षा पॉलकाकाचाच सहवास आपल्याला अधिक लाभला, असे त्याने पुढे सांगितले आहे.

मला राहून राहून वाटते, ती मोटारीची फेरी मोलाची खरीच. पण "हे तुझ्यासाठी आहे, बाळ" एवढे त्याच दिवशी कोणी त्याच्या कानात सांगितले असते तर? आपण मोठी माणसे पोरांसमोर जपून बोलतो, विषय टाळतो आणि आपल्या माया करण्याचा त्यांना आपोआप उमज पडेल असे धरून चालतो. तो पडतोच असे नाही.

म्हणून काल रात्री आकाशकंदील लावताना मी पुतण्याला ही सगळी गोष्ट सांगितली. तो शिडी धरून उभा होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, पुढच्या दिवाळीलाही मी इकडेच येऊ का?"

"पुढच्या दिवाळीपर्यंत कशाला थांबतोस?" मी म्हटले. "नाताळात ये की!"

वाचकहो, तुमच्याही नात्यागोत्यात असे एखादे पोर असेल. या चार दिवसांत त्याच्या घरी एक फेरी जरूर मारा. गाणे सुचले नाही तरी चालेल.