सुई, फुफ्फुस आणि कायदा

मानेतल्या किंवा गळ्याच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेल्या नळीला डॉक्टर ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला जालीम औषधे याच वाटेने दिली जातात. या नळीने असंख्य जीव वाचवले आहेत. पण या शिरांच्या शेजारीच फुफ्फुसाचे टोक असते. सुई तिथे लागली, तर फुफ्फुसातली हवा छातीच्या पोकळीत साठते आणि फुफ्फुस दबते. आधीच धापा टाकणाऱ्या रुग्णाच्या ते जिवावर बेतू शकते.

हा धोका कुशल हातांनाही चुकत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या फ्रेंच अभ्यासात, ही हवा काढण्यासाठी छातीत नळी घालावी लागण्याचे प्रमाण हाडाखालच्या शिरेत १.५ टक्के, तर मानेच्या शिरेत ०.५ टक्के आढळले. मात्र जंतुसंसर्ग हाडाखालीच कमी होता. म्हणजे निवड सोपी नाही.

यावर उपाय आहे सोनोग्राफीचा. पडद्यावर शीर आणि सुई दोन्ही दिसली, तर अंदाजाने टोचावे लागत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मानेतील नळीसाठी २००२ मध्येच तशी शिफारस केली.

आपल्याकडे मात्र या यंत्रामागे एक वेदनादायक इतिहास आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, तर केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ पर्यंत घसरली. म्हणूनच यंत्राची नोंदणी सक्तीची झाली आणि ते हवे तिथे नेण्यावर बंधने आली.

या बंधनांमुळे अतिदक्षता विभागात यंत्र ठेवणे कटकटीचे होते, अशी तक्रार ऐकू येते. तीत तथ्य असेलही. पण त्यासाठी कायदाच सैल करावा, हे मला पटत नाही. नोंदणी केलेल्या आवारात, दाखल रुग्णांसाठी फिरते यंत्र वापरण्याची मुभा २०१२ च्या नियमांतच आहे. तेव्हा इस्पितळांनी कागदपत्रांकडे बोट दाखवू नये, आणि सरकारनेही नोंदणीचे अर्ज रखडवू नयेत.

नातेवाइकांनीही संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: नळी सोनोग्राफीत पाहून घालणार का? नंतर छातीची तपासणी होणार का? मुलींना वाचवणारा कायदा आणि रुग्णाला वाचवणारे यंत्र यांत वैर असण्याचे कारण नाही.