वऱ्हाडच्या रक्ताची तपासणी वऱ्हाडातच झाली पाहिजे!

अमरावतीच्या डफरीन किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात एखादी गर्भवती विसाव्या आठवड्यात सोनोग्राफीला येते. गर्भाच्या हृदयात दोष दिसतो आणि डॉक्टर सांगतात, गुणसूत्रांची तपासणी करून घ्या. त्या दिवसापासून तिचा एकेक दिवस मोजला जातो. गर्भजल काढायचे, त्यातल्या पेशी दहा ते चौदा दिवस वाढवायच्या, मग त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. गर्भपात कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर, गर्भात दोष निघाला तर गर्भपाताला 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरते. त्यानंतर वैद्यकीय मंडळापुढे उभे राहावे लागते. नमुना नागपूरला धाडायचा की मुंबईला, नेणार कोण, पैसे आणायचे कुठून, या चौकशीत चार-पाच दिवस गेले की संपला हिशेब! आणि ती बाई मेळघाटातल्या धारणीची कोरकू आदिवासी असेल तर घाट उतरून अमरावती गाठण्यातच तिचा आठवडा गेलेला असतो.

हे पाप विज्ञानाचे नाही. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात हे त्जिओ आणि लेवान यांनी 1956 मध्ये सिद्ध केले. एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असले की मूल डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मते, हे 1959 मध्ये पॅरिसला कळले. म्हणजे पासष्ट-सत्तर वर्षांचे जुने, पक्के, पाठ्यपुस्तकातले ज्ञान आम्ही मागतो आहोत. सरकारला आमचा सरळ सवाल आहे: अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत कोणत्या सरकारी प्रयोगशाळेत ही तपासणी रोजच्या रोज आणि गरिबाला परवडेल अशी होते? तिचा पत्ता जाहीर करा. किती नमुने आले, किती अहवाल वेळेत गेले, तेही जाहीर करा.

रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण तर अंगावर येते. 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले की एका प्रकारचा ल्युकेमिया होतो. त्यावरचे इमॅटिनिब हे औषध भारतात स्वस्त राहिले, कारण 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. औषध गरिबाच्या आवाक्यात यावे म्हणून देश सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. आणि ते औषध द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या तपासणीसाठी बुलढाण्याच्या शेतमजुराने सावकाराचे दार ठोठावायचे? ही शरमेची गोष्ट आहे.

आता या तपासणीच्या यंत्राच्या खरेदीकडे वळू, कारण सगळी सडकी मुळे तिथेच आहेत. संगणकावर चालणारा मंच असलेला सूक्ष्मदर्शक, त्यावर कॅमेरा, विभाजनाच्या अवस्थेतल्या पेशी आपोआप शोधणारी प्रणाली आणि गुणसूत्रांच्या जोड्या लावणारे सॉफ्टवेअर, असा हा संच असतो. जगात तो बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या. असा संच आमची यंत्रणा खुर्च्या-टेबले घेतल्यासारखा घेते. सर्वांत कमी दर ज्याचा, माळ त्याच्या गळ्यात! पाच वर्षांची देखभाल, सॉफ्टवेअरच्या परवान्याचे नूतनीकरण, अभियंता किती दिवसांत येणार, कर्मचाऱ्यांना शिकवणार कोण, या गोष्टी निविदेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ढकलल्या जातात. वर मार्चअखेरची घाई. 31 मार्चला निधी परत जाईल या भीतीने केलेली खरेदी जनतेची सेवा करत नाही, ती फक्त खर्चाचा रकाना भरते.

आणि यंत्र आले तरी पुढे काय? गुणसूत्रे यंत्रात तयार होत नाहीत. हिरव्या बुचाच्या, हेपॅरिन घातलेल्या नळीत रक्त घ्यावे लागते. ते गोठूही द्यायचे नाही आणि तापूही द्यायचे नाही. अकोल्याच्या 45 अंशांच्या मे महिन्यात हे किती कठीण, ते अकोलेकराला सांगायला नको. मग 37 अंशांवर 72 तास पेशी वाढवायच्या. कोल्चिसिनने त्यांचे विभाजन नेमक्या क्षणी रोखायचे. पातळ क्षारद्रावणात त्या फुगवायच्या, काचपट्टीवर थेंब सोडायचा, ट्रिप्सिनचा हात अगदी मोजक्या सेकंदांचा द्यायचा आणि गिम्झाने रंगवायचे. ट्रिप्सिन कमी पडले तर पट्टे दिसत नाहीत, जास्त झाले तर गुणसूत्रे विरघळल्यासारखी फुगतात. हा अंदाज येतो तो वर्षानुवर्षे त्याच टेबलाशी बसलेल्या तंत्रज्ञाला. असे पद मंजूर न करता, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर माणसे बदलत राहून कोट्यवधींचे यंत्र मागवणे हा सरकारी पैशाचा अपहार आहे, मग त्याच्या फाईलवर कितीही सह्या असोत!

महाराष्ट्राने या बाबतीत प्रयोग थोडे केले नाहीत. 1 डिसेंबर 2016 चा खरेदीचा शासन निर्णय झाला. 2017 मध्ये औषधे आणि वैद्यकीय उपकरणांची खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली. त्यातून औषधांची ओरड वाढली, तेव्हा 2023 मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे केले. दारावरची पाटी तीनदा बदलली, कमी दराची पूजा तशीच राहिली. केंद्राची कथा वेगळी नाही. संशोधन संस्थांना उपकरणांवर 5 टक्केच जीएसटी भरण्याची सवलत होती. 18 जुलै 2022 पासून ती काढून घेतली. सरकारने सरकारी प्रयोगशाळेला पैसे द्यायचे आणि त्यातला मोठा वाटा सरकारनेच कर म्हणून कापून घ्यायचा! जून 2025 मध्ये केंद्राने आपल्या वैज्ञानिक संस्थांना खरेदीच्या नियमांत मोकळीक दिली, हे चांगले केले. मग राज्याची विद्यापीठे आणि वैद्यकीय महाविद्यालये कोणत्या गुन्ह्याची शिक्षा भोगत आहेत?

हा प्रश्न दवाखान्यापुरता असल्याचे कोणी मानू नये. अकोल्याला 1969 पासून कृषी विद्यापीठ आहे आणि त्याला नाव आहे पंजाबराव देशमुखांचे. वऱ्हाडच्या देशी पऱ्हाटीत 26 गुणसूत्रे, अमेरिकन कपाशीत 52. दोघींचा संकर केला तर 39 गुणसूत्रांचे वांझ झाड येते. तिथेही कोल्चिसिन वापरून संख्या दुप्पट केली की 78 गुणसूत्रांचे फळणारे झाड मिळू शकते. देशी कपाशीची पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी सोसण्याची ताकद अमेरिकन वाणात उतरवायची, तर प्रत्येक पिढीत कोणते गुणसूत्र टिकले आणि कोणते गळाले ते पाहावेच लागते. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली तेव्हा वऱ्हाडचा शेतकरी पुरता नागवला गेला. दुसऱ्याच्या पाकिटातल्या बियाण्यावर जगायचे नसेल, तर आपल्या पेशी आपल्या डोळ्यांनी पाहण्याचे सामर्थ्य आपल्याच विद्यापीठात लागते.

दोन इशारेही आताच देतो. मेळघाटातल्या सिकलसेलचे नाव पुढे करून कोणी हे यंत्र घ्यायला निघाला तर त्याला दारातच अडवा. सिकलसेलचा दोष अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला एका अक्षराचा बदल आहे. तो या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसच लागते. दुसरे, गर्भाची गुणसूत्रे पाहणाऱ्याला एक्स आणि वाय दोन्ही दिसतात. 2011 च्या जनगणनेत बुलढाण्यात हजार मुलांमागे 855 मुली होत्या. म्हणून या प्रयोगशाळेची नोंदणी, नोंदी आणि तपासणी 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे काटेकोर झाली पाहिजे. त्यात एकाही अधिकाऱ्याला सूट नको.

1984 मध्ये दांडेकर समितीने आमचा विकासाचा अनुशेष मोजला. विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, आणि तेव्हापासून आमचा अनुशेष मोजणारेही कोणी उरले नाही. अमरावती विभागातून 30 आमदार विधानसभेत जातात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यांनी पक्ष विसरून एकच मागणी लावून धरावी: अमरावतीला माणसांच्या आणि अकोल्याला पिकांच्या गुणसूत्रांची सरकारी प्रयोगशाळा, आधी कायम पदे, मग प्रशिक्षण, मग यंत्र, आणि निविदेत दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च धरून दरांची तुलना. जो आमदार या मागणीसाठी उठणार नाही, त्याचे नाव वऱ्हाडच्या मतदारांनी लक्षात ठेवावे.