पदरी आलेला जीव

अमेरिकेत न्यू जर्सी येथे स्थायिक झालेल्या एका जैन कुटुंबात काही वर्षांपूर्वी एक अनपेक्षित अतिथी आली. मुलाच्या शाळेतील शिक्षिका निवृत्त झाल्या आणि वर्गात अनेक वर्षे सांभाळलेली टॅरेंटुला जातीची केसाळ कोळीण त्यांनी त्याच्या हाती सोपवली. मूळ मेक्सिकोतील, लाल गुडघ्यांची. या जातीचा नर प्रौढ झाल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षेच जगतो. मादी मात्र 20 वर्षांहून अधिक जगू शकते. ही घरी आली तेव्हाच वृद्ध होती.

पहिला पेच आहाराचा. कोळी हा चतुरिंद्रिय जीव, आणि त्याचे भक्ष्य रातकिडे. त्याला शाकाहारी करता येत नाही. उष्ण प्रदेशातील जीवाला बर्फात सोडणे म्हणजे मृत्यूच. भारतातून आलेल्या आजोबांनी निवाडा दिला, "पदरी आलेला जीव शेवटपर्यंत सांभाळायचा, पुन्हा नवा मात्र आणायचा नाही." प्रौढ मादीला कित्येक आठवडे अन्नावाचून चालते, म्हणून आवश्यक तेवढेच दिले जाई. तरीही हिंसेचा दोष टळला, असे घरात कोणी म्हटले नाही.

उंचावरून पडल्यास कोळ्याचे नाजूक उदर फुटते, म्हणून पेटी बुटकी ठेवली. उथळ वाटीत पाणी नित्य असे. आजोबांच्या सांगण्यावरून नातू दुकानाच्या रोजमेळासारखी नोंद ठेवू लागला: कधी खाल्ले, कधी नाकारले, कात कधी टाकली.

एका सकाळी कोळीण उताणी, निश्चल दिसली. वडिलांनी ती मेली असे समजून खोका आणला. नातवाने वही उघडली. महिनाभर तिने अन्न नाकारले होते, उदर काळवंडले होते. "ती कात टाकते आहे, हात लावू नका," तो म्हणाला. काही तासांनी जुन्या कातीतून ती सावकाश बाहेर आली. नवे विषदंत मऊ असतात. अशा वेळी जिवंत रातकिडाही तिला इजा करू शकतो. म्हणून त्यांनी दोन आठवडे केवळ पाणी ठेवले.

पुढच्या वर्षीच्या नोंदी निराळ्या होत्या. उदर आक्रसत गेले, चाल अडखळू लागली, पाय घसरू लागले. कोळ्याचे पाय शरीरातील द्रवाच्या दाबाने ताठ होतात. तो दाब घटला की ते पोटाखाली मुडपतात. पाय आत वळू लागलेले दिसताच नातवाने तिला अलगद पाण्याच्या वाटीकाठी ठेवले. तहानेने तसे झाले असेल, तर जीव सावरतो. ती सावरली, काही दिवस. नंतर पाण्यानेही फरक पडला नाही. त्या वेळी कोणी तिला हलवले नाही, बळेच काही भरवले नाही.

पाय पूर्ण मुडपून ती निपचित पडली, तेव्हाही एक दिवस वाट पाहिली गेली. मग अंगणातील झाडाखाली तिला पुरले. नातवाने नवकार मंत्र म्हटला आणि वहीत अखेरची तारीख लिहिली.

पेटी धुऊन माळ्यावर ठेवली गेली. आजोबांच्या निवाड्याचा दुसरा भागही पाळला गेला. मरण समजून टाकून दिली असती, तर तिचे एक संपूर्ण वर्ष हिरावले गेले असते, हे मात्र त्या घरात कोणी विसरले नाही. जीवदयेला करुणा लागते, तितकेच लक्षही लागते.